विश्वासाला कागदाचे वावडे का?

"नियमांनी लहान माणसाचा धंदा बुडवला" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या तोंडांनी ऐकले आहे, की आता त्याला म्हणीची प्रतिष्ठा येऊ लागली आहे. किराणा दुकानदार ते म्हणतो, खानावळवाली म्हणते, औषधविक्रेता म्हणतो. आणि अलीकडे या सुरात एक नवा आवाज मिसळला आहे. तो आहे पैशाच्या गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या छोट्या पेढीचा. इतरांच्या तक्रारीत तथ्य किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. या शेवटच्या तक्रारीविषयी मात्र मला चार शब्द कडक बोलायचे आहेत, आणि ते दिवाळी अंकातच बोलायचे आहेत. कारण सबंध वर्षात हाच एक सण असा आहे, की त्या दिवशी आपण नाण्याबरोबर वहीचीही पूजा करतो. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर कोरी वही मांडायची, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, तिला झेंडूचे फूल वाहायचे. आणि दुसऱ्या दिवशी कोणी "जरा एवढे लिहून द्या" म्हटले, की कपाळाला आठ्या घालायच्या! ज्या समाजाने हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहिले, त्याच समाजातला शिकलेला माणूस लिहिण्याला सर्वांत जास्त कंटाळतो.

मी अर्थशास्त्राचा पंडित नाही, हे आधीच सांगून टाकतो. मॅट्रिकच्या पुढची पायरी मी चढलेलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवतो. तेव्हा या लेखात एखाद्या शेअरचे नाव सापडेल या आशेने कोणी चष्मा पुसू नये. परंतु कागद, तपासणी, वरिष्ठांचे शेरे आणि वर्षअखेरीची धांदल या गोष्टी शाळामास्तराइतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिल्या असतील, असे मला वाटत नाही.

प्रथम ही पेढी म्हणजे काय, ते पाहू. जिल्ह्याच्या गावी मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या असतात. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक पाण्याचा माठ, आतल्या खोलीत एक मेज आणि त्यावर संगणक. नवरा सल्ला देतो, बायको हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळते, आणि फार तर एखादा पोऱ्या निरोप पोचवतो. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त शिक्षक, दवाखाना नुकताच थाटलेली डॉक्टरीण, शेत विकून पैसा हाती आलेला शेतकरी, आणि परदेशी गेलेल्या मुलाने पाठवलेल्या पैशाचे काय करावे या विवंचनेत पडलेली आई. या माणसांना तो सांगतो, की इतके पैसे बँकेत ठेवा, इतके रोख्यांत घाला, इतके शेअरबाजाराच्या फंडात घाला आणि दहा वर्षे तिकडे ढुंकून पाहू नका. या सल्ल्याची तो फी घेतो. फंड कंपनीकडून दलाली घेत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एके काळी असल्या खोलीवर पाटी लावायला रंगाऱ्याखेरीज कोणाचीही परवानगी लागत नसे. सेबी ही संस्था १९८८ साली स्थापन झाली खरी, पण तिला कायद्याचे दात फुटले ते १९९२ साली, हर्षद मेहताच्या प्रकरणाने सारा देश हादरला त्याच वर्षी. गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम तर त्याहूनही एकवीस वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये आले. नियम फार झाले म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे साल आठवावे. न्हाव्याच्या दुकानाला परवाना लागत होता, उसाच्या गुऱ्हाळाला लागत होता, आणि विधवेच्या आयुष्यभराच्या पुंजीची विल्हेवाट सांगणाऱ्याला लागत नव्हता!

आता हे नियम मागतात तरी काय? सल्लागाराने नोंदणी करावी. ठरलेली परीक्षा उत्तीर्ण व्हावी, आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की पुन्हा पात्रता सिद्ध करावी. गिऱ्हाइकाशी लेखी करार केल्याखेरीज सल्ला देऊ नये आणि फीही घेऊ नये. फी रोखीने घेऊ नये. ती बँकेतूनच यावी. गिऱ्हाइकाला किती जोखीम पेलेल ते आधी विचारून लिहून ठेवावे. दिलेला सल्ला त्या जोखमीला साजेसा आहे की नाही, हे पाहावे. सल्ला का दिला, त्याचे कारण तारीख घालून, सही करून नोंदवावे. गिऱ्हाइकांशी झालेल्या बोलण्याच्या व पत्रांच्या नोंदी ठेवाव्यात, आणि हे सारे कागद निदान पाच वर्षे जपावेत. दरवर्षी मार्चअखेरीनंतर सहा महिन्यांच्या आत नियमपालनाची तपासणी त्रयस्थ जाणकाराकडून करून घ्यावी. किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, याचा तक्ता दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर मांडावा. तक्रार एकही नसली तरी शून्य लिहून मांडावा.

यादी लांब आहे, मी नाकारत नाही. पण तिच्यातल्या एका कलमापाशी थोडे थांबू या, कारण सगळ्याचा प्राण त्यात आहे: सल्ला का दिला, त्याचे कारण लिहून ठेवावे. वाचकहो, या एका ओळीची किंमत मला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते. वैद्य निदान लिहितो, न्यायाधीश निकालाची कारणे देतो. शिक्षकदेखील गुण कापताना समासात खूण करतो, निदान करावी अशी अपेक्षा असते. मग ज्याच्या एका वाक्याने कोणाच्या म्हातारपणाची भाकरी ठरणार आहे, त्याने आपल्या वाक्याचे कारण कागदावर ठेवू नये काय? कारण लिहायला बसले की माणसाची अर्धी चूक तिथेच उघडी पडते. तोंडाने "हा फंड घ्या, उत्तम आहे" म्हणणे सोपे. "यांना चार वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी पैसे लागणार आहेत, म्हणून मी सगळी रक्कम शेअरबाजारात घालायला सांगितली" हे वाक्य मात्र लिहिता लिहिता हात थांबतो. तो हात थांबावा, यासाठीच तो नियम आहे.

यावर पेढीवाल्यांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, "आमचा धंदा विश्वासावर चालतो हो. इथे सगळी आपली माणसे. त्यांच्याकडून सह्या घ्यायच्या म्हणजे नात्यात विष कालवायचे."

माझा एक जुना विद्यार्थी या व्यवसायात आहे. त्याने मला एकदा सांगितले, "सर, परीक्षा जड गेली नाही, तपासणीही जड जात नाही. जड जाते ते गुरुजींना प्रश्न विचारणे." त्याच्याकडे त्याला पाढे शिकवलेले एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. निवृत्तीचे पैसे हाती आले होते. त्याने त्यांच्यापुढे जोखमीची प्रश्नावली ठेवली: उत्पन्न किती, कर्ज किती, घरात अवलंबून कोण, बाजार तिसऱ्या हिश्श्याने पडला तर तुम्ही काय कराल? गुरुजी संतापले. "अरे, तुझ्या मुंजीत मी जेवलो आहे, आणि तू मला वाण्यासारखा कागद पुढे करतोस? तुझ्यावर विश्वास ठेवून आलो मी!" विद्यार्थी हट्टी निघाला. त्याने चहा मागवला, प्रश्नावली पुन्हा पुढे सरकवली, आणि गुरुजींनी रागारागाने का होईना, उत्तरे लिहिली. त्यांतले एक उत्तर असे होते, की थोरल्या मुलाच्या घराच्या कर्जाला आपण जामीन आहोत. ही गोष्ट त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हती.

आता सांगा, विश्वास कोणी राखला? "गुरुजी म्हणताहेत ना, मग कशाला विचारायचे" म्हणून गप्प बसणाऱ्याने, की त्यांचा राग पत्करून विचारणाऱ्याने? आपल्याकडे विश्वास या शब्दाची फार मोठी फसवणूक झाली आहे. न विचारणे म्हणजे विश्वास, न लिहिणे म्हणजे विश्वास, पावती न मागणे म्हणजे विश्वास, असा काहीतरी विपरीत समज आपण उराशी धरला आहे. भावाभावांच्या वाटण्या तोंडी झाल्या आणि नातवांपर्यंत दिवाणी दावे चालले, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. त्या घरांत विश्वास कमी होता म्हणून दावे झाले नाहीत. विश्वास भरपूर होता आणि कागद नव्हता, म्हणून झाले.

आणि बाजार पडतो तेव्हा काय होते, तेही पाहा. २३ मार्च २०२० हा दिवस आठवा. करोनाच्या भीतीने त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९०० हून अधिक अंशांनी कोसळून २६,००० च्या खाली गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो ४२,००० ला शिवून आला होता. त्या संध्याकाळी या दोन खोल्यांच्या पेढ्यांतले दूरध्वनी कसे खणखणले असतील, याची कल्पना करा. ज्याने तोंडी सल्ला दिला होता, त्याला गिऱ्हाईक म्हणणार, "तुम्हीच म्हणाला होता, पैसे बुडणार नाहीत." तो म्हणणार, "मी असे म्हणालोच नव्हतो." दोघेही कदाचित खरे बोलत असतील, भीतीने माणसाची आठवण बदलते. ज्याच्याजवळ पान होते, तो मात्र ते पान काढून म्हणू शकला, "पाहा, दोन वर्षांपूर्वी आपण लिहिले आहे की बाजार असा पडू शकतो, आणि पडला तर तीन वर्षांचा घरखर्च बँकेत आहे म्हणून आपण काहीही विकायचे नाही." त्या पानाने पेढी वाचते, हे खरेच, पण गिऱ्हाईकही वाचते. भ्यायलेल्या माणसाला त्याचेच जुने, शांत मनाने लिहिलेले अक्षर दाखवण्यासारखे दुसरे औषध नाही.

म्हणून, नियमांमुळे धंदा बुडतो हे मला मान्य नाही. पण ते पाळण्याची जी तऱ्हा या छोट्या पेढ्यांतून रूढ होत चालली आहे, तिच्यामुळे मात्र धंदा खरोखरच बुडेल, आणि तो बुडावाच. आम्हा शिक्षकांना ही तऱ्हा चांगली परिचयाची आहे. शिक्षकाने रोजच्या पाठाचे टाचण काढावे, हा नियम किती शहाणपणाचा! उद्या वर्गात काय शिकवायचे, याचा आज विचार करावा, एवढेच त्याचे म्हणणे. पण साहेबांची तपासणी येणार अशी बातमी आली, की शिक्षकांच्या खोलीत रात्री दहा वाजेपर्यंत दिवा जळतो, आणि सबंध सत्राची टाचणे एका रात्रीत, एकाच शाईने, एकाच्या वहीवरून दुसऱ्याच्या वहीत उतरतात. साहेब येतात, लाल सही करतात, जातात. टाचणही राहिले आणि शिकवणेही राहिले, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध राहिला नाही.

हीच विद्या आता पैशाच्या पेढ्यांत आली आहे. तयार करारनामे विकत मिळतात, तयार प्रश्नावल्या मिळतात, तयार धोरणपत्रे मिळतात. वर पेढीचे नाव बदलायचे की झाले. साठ वर्षांच्या विधवेची आणि सव्वीस वर्षांच्या इंजिनियरची जोखमीची उत्तरे शब्दशः सारखी! का दिला सल्ला, तर "गिऱ्हाइकाच्या उद्दिष्टांस अनुसरून". हे कारण आहे की पाटी? आणि हे सारे सप्टेंबरात, तपासणीची मुदत नाकाशी आल्यावर, मागच्या तारखा घालून. अशा पेढीचा मालक मग दिवाळीत पाहुण्यांपुढे चिवड्याची बशी ठेवून सांगतो, की कागदपत्रांनी जीव नकोसा केला आहे. नकोसा होणारच. वर्षाचे जेवण एका रात्री जेवायला बसले तर अन्नही नकोसे होते.

याचा हिशेब मी मांडून पाहिला, साधा, शाळेतला. समजा पेढीकडे दीडशे कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाशी वर्षातून चारदा बोलणे होते. झाली सहाशे बोलणी. प्रत्येक बोलण्यानंतर लगेच बसून वीस मिनिटे लिहिले, तर वर्षाचे दोनशे तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर पंचवीस दिवस. पंचवीस दिवस ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. आमच्या दिवाळीच्या सुट्टीहूनही हा काळ मोठा आहे, आणि एकट्या माणसाच्या पेढीत सल्लागारही तोच, कारकूनही तोच आणि नियमपालनाचा अधिकारीही तोच. परंतु हे पंचवीस दिवस धंद्याच्या बाहेरचे आहेत, हा समज चुकीचा आहे. तोच धंदा आहे. शिंप्याने माप घेण्यात गेलेला वेळ शिवणकामाच्या बाहेरचा म्हणावा काय? ज्याला माप लिहून ठेवायचा कंटाळा आहे, त्याने तयार कपडे विकावेत. त्याला दलाल म्हणतात, आणि दलाली हाही कायदेशीर धंदा आहे. फक्त त्याने दारावर सल्लागाराची पाटी लावू नये.

इथवर मी पेढीवाल्यांना बोललो. आता नियम करणाऱ्यांकडे वळतो, कारण तिकडेही सारे सोवळे नाही.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या उंच इमारतीत बसून नंदुरबारच्या दोन खोल्यांसाठी नियम करणे, याला मराठीत उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. २०१३ साली एकट्या सल्लागाराजवळ एक लाखाची मालमत्ता असली की पुरे होती. २०२० साली ती अट पाच लाख निव्वळ मत्तेची झाली, आणि वर पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव. शिवाय गिऱ्हाइके दीडशेवर गेली की एकट्या माणसाने संस्थेच्या रूपाने नोंदणी करावी, आणि संस्थेला निव्वळ मत्ता पन्नास लाखांची! म्हणजे एकशेएकावन्नावे कुटुंब दारात आले की दार लावून घ्यावे, नाहीतर एका उडीत दसपट भांडवल उभे करावे. प्रामाणिक माणसाने मोठे होऊ नये, अशीच ती तरतूद होती.

डिसेंबर २०२४ मध्ये हे पुष्कळसे सुधारले, हे कबूल करायला हवे. निव्वळ मत्तेची अट गेली आणि गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे ठेव आली: दीडशेपर्यंत एक लाख, तीनशेपर्यंत दोन लाख, हजारापर्यंत पाच लाख, त्यापुढे दहा लाख. पदव्युत्तरऐवजी पदवी चालू लागली, अनुभवाची अट काढली, आणि संस्था होण्याची मर्यादा तीनशे गिऱ्हाइके किंवा वर्षाला तीन कोटी फी अशी वाढली. पायऱ्या पायऱ्यांनी चढणारा हा जिना शहाणपणाचा आहे. पण तो बांधायला साडेचार वर्षे लागली, आणि त्या अवधीत किती जणांनी पाटी उतरवली असेल? आज साऱ्या देशात नोंदलेले गुंतवणूक सल्लागार हजाराच्या आसपास आहेत. एकशे चाळीस कोटींच्या देशात हजार! फंड विकून दलाली घेणाऱ्यांची नोंद लाखाच्या वर आहे. एका देवळात एक पुजारी आणि दारात शंभर फुलवाले, अशातला हा प्रकार.

आणि जे नोंदीच्या बाहेरच आहेत, त्यांचे काय? ज्याने नोंदणी केली, त्याच्या प्रत्येक कागदाला भिंग लागते. ज्याने केलीच नाही, तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज रात्री लाखो लोकांना उद्याचा शेअर सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अशाच एका इसमाला, जो शिकवणीच्या नावाखाली विनानोंदणी सल्ला देत होता, १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात भरण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच, पण रक्कम पाहा, म्हणजे पकडला जाण्याआधी त्याचा पसारा केवढा झाला होता, ते ध्यानात येईल. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानापुढे दर आठवड्याच्या परताव्याला भुललेली शेकडो माणसे टाळ्याकडे पाहत उभी राहिली. ते दुकान सल्लागाराचे नव्हते आणि तो कायदाही वेगळा. पण त्या गर्दीतल्या भाजीवाल्या बाईला कायद्यांमधला हा फरक कोण समजावून सांगणार? चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशा वेळेसाठीच करून ठेवली असावी. संन्याशाला सुळी देऊ नका एवढेच म्हणून मी थांबत नाही. त्याच्या झोळीची तपासणी जरूर करा, पण चोराच्या मागे धावायला चार शिपाई जास्त ठेवा.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सर्वांत झोंबते. जे जे करारनामे माझ्या दृष्टीस पडले, ते सारे इंग्रजीत होते. पंचवीस पानी, बारीक टाइपात. ज्याच्या रक्षणासाठी म्हणून हा कागद जन्माला आला, त्यालाच तो वाचता येत नाही! खेड्यातून आलेली बाई जिथे बोटाने दाखवले तिथे सही करते, आणि नियमपालन पूर्ण होते. हे रक्षण आहे की रक्षणाचे सोंग? गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत करार, आणि तो त्याच्यापुढे वाचून दाखवणे, हा एक नियम पहिल्या पानावर असता, तर मागची चार पाने गाळली तरी चालली असती.

पण वाचकहो, सगळे खापर पेढीवर आणि सरकारवर फोडून आपण करंज्या खायला मोकळे, असे मात्र नाही. या गोष्टीतला तिसरा आरोपी तुम्ही आहात, आणि तुमच्या शेजारी मीही बसलो आहे.

आपण सल्ल्याला पैसे देत नाही. सत्यनारायणाला दक्षिणा देतो, ब्लाउजाच्या शिलाईला पैसे देतो, गाडी धुणाऱ्याला देतो. पण कोणी म्हटले, की "तुमच्या पैशाचा विचार करून देईन, वर्षाची फी दहा हजार", तर आपल्याला तो लुटारू वाटतो. त्याऐवजी आपल्याला तो "आपला माणूस" आवडतो, जो दर रविवारी घरी येतो, मुलांना चॉकलेट देतो, फॉर्म स्वतः भरतो आणि एक पैही मागत नाही. तो काय हवा खाऊन जगतो? त्याला कंपनीकडून दलाली मिळते, आणि ती तुमच्याच पैशातून जाते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची एक थेट योजना असते, जिच्यात दलाली नसते. समजा दोन्हींच्या खर्चात वर्षाला एक टक्क्याचा फरक आहे आणि तुमचे दहा लाख रुपये त्यात आहेत. पहिल्याच वर्षी दहा हजार गेले! ज्याची दहा हजारांची फी तुम्हाला लूट वाटली, तेवढेच तुम्ही फुकट सल्ल्याचे मोजलेत, आणि पुंजी वाढेल तसे अधिक मोजत राहाल. फरक इतकाच, की एक पावती देतो आणि दुसरा चॉकलेट देतो.

दलाल वाईट माणूस असतो, असे मी म्हणत नाही. पण ज्याचा पगार विकण्यावर आहे, तो "यंदा काहीच घेऊ नका, आहे तिथेच राहू द्या" हा सल्ला किती वेळा देईल? म्हणून तर नियमाने सल्ला आणि विक्री यांची फारकत केली: एकट्या सल्लागाराला फंडांची विक्री करता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांनाही त्याच्याच गिऱ्हाइकांना ते विकता येत नाहीत. या एका कलमासाठी मी बाकीची दहा कलमे सहन करायला तयार आहे. पण फी देणारेच नसतील, तर हे कलम म्हणजे उपास घडवण्याचे साधन होते. छोट्या पेढीचा गळा नियमांनी आवळला आहे, असे ती म्हणते. मला वाटते, त्या दोरीचे निम्मे टोक आपल्या हातात आहे. तपासणीची फी, परीक्षेची फी, ठेवीत अडकलेली रक्कम आणि ते पंचवीस दिवस, हे सारे ती कुठून काढणार? दोन-तीनशे रुपयांचा हिशेब घालून "तुम्ही फार मागता हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडून?

तेव्हा भाऊबीजेला जमलेल्या मेव्हण्यांपैकी कोणी "मी एक माणूस ओळखतो, घरचाच आहे, कागदबिगद काही लागत नाही" असे म्हणाले, तर एवढे जरूर करा. त्या माणसाचा नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागाराचा असेल तर तो आयएनए या तीन अक्षरांनी सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतो. मग त्याला विचारा, की तुला पैसे कोण देते? आणि तो सल्ला देईल तेव्हा म्हणा, की याचे कारण मला मराठीत लिहून दे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी आपला करारनामा स्वतः मराठीत उतरवला आणि मजकडे तपासायला पाठवला. कायद्याने इंग्रजी प्रत खरी, मराठी केवळ समजुतीसाठी, असे त्याने प्रामाणिकपणे वर लिहिले होते. मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. "जोखीम" हा शब्द त्याने सोळा ठिकाणी ऱ्हस्व लिहिला होता. सोळाही ठिकाणी दीर्घ करून दिला. करार अकरा पानांत मावला. गुरुजींनी तो मिठाईच्या दुकानावरच्या त्या खोलीत बसून दीड तास वाचला, सातव्या पानावर एक शंका काढली, ती रास्त निघाली, आणि वाक्य बदलल्यावरच त्यांनी सही केली.